कोकिळेच्या फोटोत चोर आला म्हणून फोटो पुसायचा?

रानवाटा
ठिपका यांनी परवा जे लिहिलं ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतोय. वाचलं नसेल त्यांच्यासाठी: वेताळ टेकडीच्या उतारावर चंदनाची फळं खाणाऱ्या कोकिळेचे त्यांनी फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं तर खालच्या कोपऱ्यात, बुंध्याशी, वाकलेला माणूस. हातात गिरमिट. चार दिवसांनी झाड गेलं. यांनी सगळे फोटो पुसून टाकले आणि लिहिलं, ‘आपण पक्षी बघायला जातो, पंच व्हायला नाही.’

मला या वाक्याचा राग आलाय आणि तो लपवत नाही. गिरमिटाने भोक पाडून सुगंधी गाभा धरलाय का बघायचं, धरला असेल तर रात्री करवत घेऊन यायचं, हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. गाभा धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, कापायला अर्धा तास. आणि ती कोकिळ तिथे होती का, तर फळांसाठी. चंदनाचं बी तीच पसरवते, ती आणि बुलबुल. तिचा फोटो हवा, तिच्या झाडाचं काय झालं ते नको?

मी २०१९ मध्ये नदीपात्रात शेकाट्यांचे फोटो काढताना मागे राडारोडा ओतणारा डंपर आला होता. काढताना मला दिसलाही नव्हता. नंबर स्वच्छ वाचता येत होता. अर्ज लिहिला, फोटो जोडले, पोच घेतली. दोनदा बोलावलं, दोनदा गेलो. दंड झाला का ते कळलं नाही. तो डंपर मात्र त्या जागी परत दिसला नाही.

ठिपका
धागा माझ्यावरच आहे तर मीच आधी बोलतो. तुमचा डंपर दिवसाढवळ्या, रस्त्यालगत, आणि तुम्ही एकदा गेलात नि घरी आलात. मी त्या वाटेने वर्षातले तीनशे दिवस जातो. पहाटे सहाला, एकटा, गळ्यात भिंगवाला कॅमेरा. मला तिथे कुणीही ओळखू शकतं. या लोकांकडे करवत असते, कोयता असतो. वॉचमनला बांधून ठेवून झाडं नेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. माझी मुलगी सातवीत आहे. झाड गेलं ते गेलं, फोटो देऊन ते उभं राहणार नव्हतं. मला घाबरट म्हणायचं तर म्हणा, पण टेकडीवर माझ्याबरोबर पहाटे कोण येणार तेही सांगा.

डेक्कनकर
ठिपका, मी तुमच्या बाजूने. मी लग्नाचे फोटो काढतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका वरातीत मागच्या मागे एका बाईचं मंगळसूत्र ओढलं. मला पत्ताच नाही, मी नवरदेवाच्या फेट्यावर फोकस करून. तिसऱ्या दिवशी आल्बमसाठी निवड करताना दिसलं, हात आणि अर्धा चेहरा. चांगुलपणाने चौकीत गेलो. कार्ड मुद्देमाल म्हणून जमा! त्यावर अख्खं लग्न होतं. सप्तपदीची कॉपी घेतलेली नव्हती, चूक माझीच. मुलीकडच्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत, आणि त्यांना तरी काय बोलणार?

पुढे साक्षीला नऊ वेळा गेलो, त्यातल्या सात वेळा तारीख पडली. आरोपीचे नातेवाईक त्याच टपरीवर चहा प्यायचे, माझ्याकडे बघत. शेवटी उलटतपासात वकिलाने विचारलं, फोटोवर तारीख एक दिवस पुढची कशी? कॅमेऱ्याचं घड्याळ मी कधी लावलंच नव्हतं. त्या दिवशी पिंजऱ्यात मीच उभा आहे असं वाटलं. रानवाटा, तुमचे दोन हेलपाटे आणि माझे नऊ, यात फरक आहे.

काळाकोट
डेक्कनकर, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण कार्ड देण्याआधी कॉपी करून घ्यायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं. शिवाय १ जुलै २०२४ पासून कायदे बदललेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल कोर्टापुढे आला की चौदा दिवसांत त्याची यादी आणि फोटो, त्यानंतर तीस दिवसांत परत देण्याचा किंवा विल्हेवाटीचा आदेश. डिजिटल पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा आकडा, लिहायची. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो आकडा बदलतो. म्हणून मूळ फाइल द्यायची, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली नाही. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती गाळून टाकतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उजळलेली तर मुळीच नाही.

आणि आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की प्रमाणपत्र लागतंच. पण ज्याचं उपकरण, तो स्वतः मूळ उपकरण घेऊन साक्षीला उभा राहिला तर वेगळं प्रमाणपत्र नको. घड्याळ एक दिवस पुढे असेल तर जबाबातच तसं आधी सांगायचं. लपवलं तर वकील फाडणारच, तो त्याचं काम करतोय.

डेक्कनकर
चौदा दिवस आणि तीस दिवस कागदावर. माझं कार्ड अजून आलेलं नाही. आलं की इथे लिहीन.

अंगणातली
तुम्ही कॅमेऱ्यावर बोलताय, माझं झाड कुणी बोलत नाही. आमच्या बंगल्यात सासऱ्यांनी लावलेलं चंदन होतं. पहिल्यांदा आले तेव्हा भोक पाडून गेले. सकाळी बुंध्याशी पिठासारखा भुसा, पांढरट, थोडा पिवळा. मी हातात घेऊन वास घेतला आणि तिथेच बसले. आम्ही जाळी लावली, दिवा लावला. सात महिन्यांनी पावसाच्या रात्री नेलं. मधला सरळ भाग तेवढा नेला, फांद्या तुळशीवर पडलेल्या. पंचनाम्यात किंमत किती लिहायची यावरच अर्धा तास गेला. आणि त्या सात महिन्यांत आम्हीच कापावं म्हटलं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी! चोराला परवानगी लागत नाही.

झाडझुडूप
काकू, वाईट वाटलं. पण १९७५ चा तो कायदा नसता तर कोथरूड-एरंडवण्यात एकही जुनं झाड उरलं नसतं, बिल्डरांनी पहिल्याच वर्षी साफ केलं असतं. चोरी होते म्हणून मालकाने आधीच कापायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा बंगल्यात चंदन लावूच नये. ते शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्न घेतं, एकटं नीट वाढतही नाही. टेकडीवरच बरं.

अंगणातली
टेकडीवरचंच गेलंय ना आत्ता? त्यावरच तर धागा आहे. आणि लावू नये काय म्हणता? ते लावणारा माणूस रोज त्याला आंघोळीचं पाणी घालायचा. तुम्ही कायदे शिकवू नका मला.

झाडझुडूप
मी कायदा शिकवत नाही. बावीस वर्षं या शहरात झाडं मोजतोय. तुमच्यासारखे परवानगीला शिव्या घालतात आणि उद्या शेजारचा वड पडला की आम्हालाच फोन करतात.

अंगणातली
वडाचं नाव काढू नका. मी कुणालाही फोन केलेला नाही. माझ्याकडे खोड आहे, अजून उपटलेलं नाही. बघायला या.

झाडझुडूप
येईन. खोडाच्या आसपास मुळांतून फुटवा आला असेल तर तोडू नका, तो वाढतो. शिव्यांचा शब्द मागे घेतो. कायद्याबद्दल बोललो ते मागे घेत नाही.

हडपसरची_लेक
परत मूळ प्रश्नावर येते. रानवाटा, गिरमिट हातात म्हणजे चोर, हे तुम्ही ठरवलंत. माझा भाऊ सुतारकाम करतो. एका सोसायटीत चोरी झाली त्या दिवशी तो तिथे काम करून बाहेर पडला. कुणीतरी गॅलरीतून सहज काढलेल्या फोटोत आला, खांद्यावर पिशवी. तो फोटो ‘यांना ओळखा’ म्हणून तीन ग्रुपवर फिरला. दोन महिने त्याला काम मिळालं नाही. खरे चोर निघाले दुसरेच. फोटो फिरवणाऱ्या एकानेही दार वाजवून माफी मागितली नाही.

रानवाटा
ग्रुपवर टाका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी पोलिसांकडे द्या म्हणतोय.

हडपसरची_लेक
म्हटलं नाहीत. पण ‘चोर आला’ असं शीर्षक दिलंत. फोटोत माणूस आला आहे. चोर आहे का ते शोधणं तुमचं काम नाही.

रानवाटा
हे बरोबर आहे. शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं. पण तुमच्याच उदाहरणावरून सांगतो, खरा फोटो योग्य ठिकाणी गेला असता तर वेळेवरून तुमचा भाऊ त्याच दिवशी सुटला असता. पुरावा निर्दोष माणसालाही वाचवतो. ठिपका यांनी पुसला तो फोटो उद्या एखाद्या भलत्याच मजुराला सोडवायला लागला तर?

ठिपका, तुमची भीती मी हलकी धरली, तेवढं चुकलं. पहाटे सोबत हवी असेल तर मी बावधनहून येतो, मंगळवार आणि शनिवार. इतर दिवशी जमणार नाही.

काळाकोट
कायद्याने काय करावंच लागतं तेही लिहितो, कारण इथे सगळे भावनेवर चाललेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये खून, दरोडा अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती देणं बंधनकारक आहे. साधी चोरी त्यात नाही. म्हणजे ठिपका यांनी स्वतःहून सांगितलं नाही, हा गुन्हा नाही. पण पुरावा म्हणून लागेल हे माहीत असताना, तो कोर्टापुढे येऊ नये म्हणून पुसणं ही वेगळी गोष्ट आहे. यापुढे असं काही झालं तर पुसू नका, नुसतं ठेवून द्या. आणि साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलेली आहे. ती गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, साध्या चोरीसाठी नाही; गुन्हा तसा असेल आणि धोका वाटत असेल तर अर्ज करता येतो. तो किती वेळात मंजूर होतो यावर डेक्कनकर बोलतील, त्यांना बोलू द्या.

डेक्कनकर
नाही बोलत. फक्त ठिपका यांना एक विचारतो, धंद्यातला माणूस म्हणून. फोटो कार्डावरून पुसले की कॉम्प्युटरवरून? कार्डावरून पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असते. एका बारशाचे फोटो मी असे परत काढलेत. कार्ड फॉरमॅट केलंय का? त्यावर नवीन फोटो काढलेत का?

रानवाटा
तुम्ही तर त्यांच्या बाजूने होतात.

डेक्कनकर
देऊ नका हे अजूनही म्हणतो. पण नाही म्हणायला हातात काहीतरी असावं लागतं.

ठिपका
फॉरमॅट नाही केलं. रविवारी कवडीला त्याच कार्डावर चक्रवाकांचे चाळीसेक फोटो काढले. चौसष्ट जीबीचं कार्ड आहे, निम्मंसुद्धा भरलेलं नाही.

हे लिहायच्या आधी कार्ड कॅमेऱ्यातून काढलं, त्याची ती बारीक खिट्टी लॉकवर सरकवली आणि मुलीच्या वहीच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. कुणाकडे जायचं, जायचं की नाही, हे आज ठरवत नाही. त्या माणसाच्या पँटवर, गुडघ्याच्या खाली, पांढरट भुसा होता. अंगणातली यांनी लिहिलं तसाच. ते वाचल्यापासून तेवढंच दिसतंय.

रानवाटा, शनिवारी पावणेसहा. उशीर केलात तर थांबणार नाही.