मदत हवी आहे: तळपट्टी (भिंतीच्या सांगाड्याचं सर्वांत खालचं आडवं लाकूड) वाळत नाही, भिंती कधी बंद करायच्या?

चक्रीवादळात पाणी शिरलेली लाकडी सांगाड्याची घरं आमचा स्वयंसेवक गट दुरुस्त करतोय. पाण्याच्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत जिप्सम बोर्ड आणि भिजलेलं इन्सुलेशन काढलं, बुरशी घासून काढली. पंखे, डिह्युमिडिफायर चालू आहेत. मॉइश्चर मीटर उभ्या लाकडांवर १४ टक्के ओलावा दाखवतो, पण काँक्रीटला टेकलेल्या तळपट्टीवर अजून २१. सोळाच्या खाली येण्याआधी बोर्ड ठोकले तर आत पुन्हा बुरशी धरायची भीती, त्यामुळे लोकांनी कितीही घाई केली तरी थांबलोय. तळपट्टी लवकर वाळवायला कुणी काय केलंय?

दुसरं, वासे भिंतीला बांधणाऱ्या गॅल्वनाइज्ड पट्ट्या ठोकताना जुनं लाकूड चिरतं. आधी बारीक भोक पाडलं तर चालेल का? आखूड खिळे नकोत, वारा छप्पर वर उचलतो तेव्हा तेच आधी निघतात.