मदत हवी आहे: ‘नाऊ, देन अँड फॉरेव्हर’मधील ब्रासची (फुंकवाद्यांची) स्वरलिपी

नमस्कार. ‘अर्थ, विंड अँड फायर’ या वाद्यवृंदाचा २०१३ साली आलेला ‘नाऊ, देन अँड फॉरेव्हर’ हा अल्बम मी काही आठवडे पुन्हा पुन्हा ऐकत आहे. पार्किन्सनच्या आजारामुळे संस्थापक मॉरिस व्हाइट यांनी दौरे फार पूर्वीच थांबवले होते. त्यांच्या सहभागाविना झालेला हा पहिलाच स्टुडिओ अल्बम, आणि तोही ‘इल्युमिनेशन’ या आधीच्या अल्बमनंतर तब्बल ८ वर्षांनी. तरीही फिलिप बेली यांचा तार सप्तकातला आवाज आणि व्हर्डीन व्हाइट यांची बेस गिटार कानी पडताच १९७० च्या दशकातील जुनी ओळख जागी होते, हे मला विलक्षण वाटते.

आमच्या हौशी वाद्यवृंदासाठी यातील एखादे गाणे बसवायचे आहे. परंतु ट्रम्पेट, ट्रोम्बोन आणि सॅक्सोफोन इतके एकजीव वाजतात की कोणता स्वर कोणत्या वाद्याचा, हे मला वेगळे करता येत नाही. या अल्बमची छापील स्वरलिपी कोणाकडे आहे का? नसल्यास, असे स्वरसमूह निव्वळ ऐकून उतरवताना आपण आधी वरचा स्वर धरता की खालचा, हे कृपया सविस्तर सांगावे.