मदत हवी आहे: अलास्कातल्या नदीचा तळ राज्याचा की फेडरल सरकारचा?

गाळपेर
अलास्काच्या आतल्या भागातल्या एका नदीचा टायटल रिपोर्ट (मालकी कोणाची याचा अहवाल) करायचा आहे. दोन्ही काठ ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे (बीएलएम, फेडरल जमिनी सांभाळणारं खातं). अशिलाला पात्रातल्या वाळू-गोट्यांत सोन्यासाठी क्लेम (खाणकामाच्या हक्काचा दावा) टाकायचा आहे. बीएलएमच्या नकाशावर दोन्ही काठांना मिअँडर लाइन दाखवली आहे. म्हणजे तळ राज्याचा धरायचा का? मधे सुमारे दीड मैल खळाळ आहे, तिथे होडी रिकामी करून सामान खांद्यावरून न्यावं लागतं. शिवाय कोर्टात न जाता हे मिटू शकतं का?

शंकू_साखळी
मिअँडर लाइनवरून मालकी ठरत नाही. काठावरच्या जमिनीचे एकर काढायला मोजणीदाराने घेतलेली ती रेघ. खरी हद्द ऑर्डिनरी हाय वॉटर मार्क (नेहमीच्या चढत्या पाण्याची काठावरची खूण), आणि भरतीच्या पाण्यात सरासरी भरतीरेषा.

राज्य संघात आलं त्या दिवशी नौवहनयोग्य (होडीने वाहतूक होऊ शकेल अशा) पाण्याखालचा तळ आपोआप त्याचा होतो. पेटंट (सरकारने जमीन दिल्याचा दस्त) निघत नाही, म्हणून रेकॉर्डमधे शोधूनही कागद मिळत नाही. अलास्कासाठी ती तारीख 3 जानेवारी 1959.

आधी एवढंच बघा की त्या तारखेला हा पट्टा फेडरल सरकारने राखून ठेवलेला होता का. 1980 साली झालेली पार्कं इथे गैरलागू, कारण तळ तोवर राज्याकडे गेलेला. 1923 च्या पेट्रोलियम रिझर्व्हचं (तेलासाठी राखलेल्या प्रदेशाचं) तसं नाही: तिथल्या किनाऱ्यालगतच्या तळांवर 1997 मधे सुप्रीम कोर्टात अलास्का हरलं. मात्र नुसता राखीव क्षेत्राचा आदेश पुरत नाही. तळही त्यात घ्यायचा आणि तो भावी राज्याला द्यायचा नाही, हे दोन्ही हेतू स्पष्ट दिसावे लागतात.

मग नौवहनयोग्यता. कसोटी 'द डॅनियल बॉल' खटल्यातली: नैसर्गिक स्थितीत, त्या काळच्या नेहमीच्या होड्यांनी, व्यापार-प्रवासाचा मार्ग म्हणून नदी वापरात होती किंवा वापरता आली असती का. 'आली असती' एवढं पुरतं, प्रत्यक्ष वाहतुकीचा पुरावा नसला तरी चालतं. टायटलसाठी आंतरराज्य व्यापारही लागत नाही.

इथे बहुतेक रिपोर्ट फसतात ते आर्मी कोअर (लष्कराचं अभियंता दल) किंवा कोस्ट गार्डची यादी जोडल्यामुळे. त्या याद्या वेगळ्या कायद्यांसाठी असतात, टायटलसाठी नाहीत.

ओढाकाठ
खळाळाबद्दल 2012 चा 'पीपीएल मोंटाना' निकाल वाचा. अख्खी नदी एकदम मोजायची नाही, तुकड्या-तुकड्याने मोजायची. सामान जमिनीवरून वाहून न्यावं लागतं त्या तुकड्यात नदी सहसा नौवहनयोग्य नसल्याचंच दिसतं, असं कोर्ट म्हणतं. अगदी नगण्य तुकडा असेल तर गोष्ट वेगळी, पण दीड मैलाला नगण्य म्हणवून घेणं मला अवघड वाटतं. रिपोर्टमधे वरचा, मधला, खालचा असे भाग पाडून लिहा. नदी नौवहनयोग्य नसेल तर तळ काठाबरोबर जातो, म्हणजे तुमच्या केसमधे फेडरल.

आजच्या राफ्टचे फोटो तसेच चालत नाहीत. आजची होडी 1959 च्या होड्यांशी खरोखर मिळतीजुळती आहे आणि नदीही फारशी बदललेली नाही, ही दोन्ही दाखवावी लागतात. गुलकाना नदीच्या खालच्या 30 मैलांच्या 1989 च्या निकालात पैसे घेऊन नेलेल्या मासेमारी सहलीही व्यापारात धरल्या गेल्या, ते राज्याच्या बाजूचं.

कोर्टाबाहेरचा मार्ग म्हणजे 'रेकॉर्डेबल डिस्क्लेमर ऑफ इंटरेस्ट', म्हणजे 'इथे आमचा हक्क नाही' असा फेडरल सरकारने दिलेला, नोंदवता येणारा कागद. राज्य बीएलएमकडे अर्ज करतं, फेडरल रजिस्टरमधे (सरकारी राजपत्रात) सूचना निघते, तिच्यानंतर किमान 90 दिवस थांबावं लागतं. मिळालेल्या कागदाला क्विटक्लेम डीडइतकंच (असेल तो हक्क सोडून देणाऱ्या, पण मालकीची हमी न देणाऱ्या दस्ताइतकंच) वजन. त्या जमिनीचं व्यवस्थापन करणाऱ्या दुसऱ्या फेडरल खात्याने रास्त हरकत घेतली तर गाडी तिथेच अडते.

गाळपेर
अशील स्वतः अर्ज करू शकेल?

ओढाकाठ
तळावर त्याचा हक्कच नाही, त्यामुळे नाही. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला पुरावा द्या, अर्ज ते करतील. नाहीतर क्वाएट टायटल दावा (मालकी कोर्टाकडून ठरवून घेण्याचा), तोही राज्यानेच लावायचा आणि 180 दिवस आधी नोटीस देऊन. यात एक विचित्र अडचण आहे: फेडरल सरकार हक्क सांगत असेल तरच दावा उभा राहतो. फोर्टीमाईल नदीच्या मॉस्क्विटो फोर्क या फाट्यावर राज्याने दावा लढवला आणि शेवटी फेडरल सरकारने हक्क सोडून दिला. तोवर वर्षं गेली.

शंकू_साखळी
क्लेम टाकायची घाई नको. ज्या सरकारच्या कायद्याखाली टाकला ते मालक नसेल, तर क्लेम मुळातच रद्दबातल.

पात्र सरकलंय का तेही बघा, जुने हवाई फोटो लावून. हळूहळू गाळ साचून काठ सरकला तर हद्दही सरकते. एका पुरात नदीने नवी वाट फोडली तर हद्द जुन्या पात्रातच राहते, आणि तुमचे वाळू-गोटे कदाचित तिथेच असतील.

(आपल्याकडे हा घोळ कमी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तर नदीचं पात्र राज्य शासनाचं, होडी चालो न चालो.)