मदत हवी आहे: पाळीच्या दुखण्याने लेक कोमेजली आहे

मैत्रिणींनो, आम्ही ऐरोलीत राहतो. लेक १५ वर्षांची, यंदा दहावीला. पाळीचे पहिले दोन दिवस ओटीपोट आणि कंबर इतकी दुखते की उलट्या होतात, शाळा बुडतेच. एका डॉक्टरांनी "लग्नानंतर कमी होईल" म्हणून वाटेला लावलं. मला ते अजिबात पटलं नाही. त्यांनीच लिहून दिलेली मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी कळा वाढल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. दुखायला लागताच, खाल्ल्यावर दिली की जरा बरं. ही गोळी कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करते, म्हणून वेळ महत्त्वाची.

पण खरी काळजी तिच्या मनाची. तारीख जवळ आली की गप्प होते, रडते. परवा म्हणाली, "आई, मला मुलगी व्हायचंच नव्हतं." पोटात कालवलं माझ्या.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिलाय, पण अनोळखी माणसाशी बोलायला लाजते. ठाणे किंवा वाशीकडे अशा वयाच्या मुलीचं नीट ऐकून घेणाऱ्या, एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) शंका तपासणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? समुपदेशकही हव्या आहेत. आणि तुमच्या मुलीला कशाने बोलतं केलंत, तेही सांगा.