आयफोन १६ई घ्यावा, की दहा हजार टाकून सरळ १६? (आणि १७ चा मोह कसा आवरायचा)

गोदाकाठचा_गडी

मंडळी जरा सल्ला हवाय. माझ्याकडे आयफोन एक्सआर आहे, अजून चालतोय पण बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि यंदा (२०२५) आयओएस २६, म्हणजे आयफोनचं नवं सॉफ्टवेअर, आलं ते एक्सआरला मिळालंच नाही, त्यामुळे दिवाळीच्या आत बदलायचा असं ठरवलंय. बजेट साठ हजार. त्यात १६ई बरोब्बर बसतो, ५९,९००. पण दुकानात गेलो की पोरगा म्हणतो सर दहा हजार टाका ना, १६ येतो ६९,९०० ला. बरं तिथवर मनाची तयारी केली की म्हणतो अजून तेरा टाकले तर नवाकोरा १७, ८२,९००, त्यात २५६ जीबी. असंच चालू राहिलं तर मी शनिवारी प्रो घेऊन घरी जाणार आणि रविवारी बिऱ्हाडासकट बाहेर.

वापर सांगतो. मी बांधकामाच्या साइटवर असतो, निम्मा दिवस उन्हात. व्हॉट्सॲप, कॉल, ड्रॉइंगच्या पीडीएफ, मॅप, रात्री यूट्यूब. गेम शून्य. दुसरं म्हणजे बायको घरी मोत्याच्या नथी बनवते, चापाच्या पण आणि टोचलेल्या नाकाच्या पण, त्यांचे फोटो इन्स्टावर आणि व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर टाकायला माझाच फोन घेते (फोन माझा फक्त बिलावर आहे).

तर १६ई मध्ये नेमकं काय कापलंय आणि ते मला रोज टोचणार का, एवढंच सांगा. पाच-सहा वर्षं वापरणार. अँड्रॉइड सुचवू नका प्लीज, फोटो सगळे आयक्लाउडवर आहेत, घरात बाकी लोकांकडेही आयफोनच आहेत.

तिखटमीठ

साठ हजारात एक कॅमेरा, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळाच बदलणारा) स्क्रीन आणि वर तो जुना नॉच (स्क्रीनच्या माथ्यावरची काळी खाच)? गूगलचा पिक्सेल ९ए बघा, ४९,९९९ ची किंमत, २५६ जीबी, १२० हर्ट्झ, मागे दोन कॅमेरे, सात वर्षं अपडेट. नको म्हणालात तरी सांगितलं, राहवत नाही.

गोदाकाठचा_गडी

@तिखटमीठ माहितीय हो, कागदावर तोच जिंकतो. पण घरच्यांचं आयमेसेज-फेसटाइम, शेअर केलेले अल्बम, हे सगळं हलवायचं म्हणजे फोनपेक्षा जास्त खर्च माझ्या डोक्याचा.

हिशेबनीस

गंमत अशी की तुमच्या हातात जो एक्सआर आहे ना, तोच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. २०१८ साली हीच चर्चा शब्दशः झाली होती. एक्सआर ७६,९०० आणि एक्सएस ९९,९००, तेवीस हजारांचा फरक. तेव्हा लोकांनी एक्सआरला काय काय नावं ठेवली होती, एलसीडी स्क्रीन, तोही फुल एचडीपेक्षा कमी रिझोल्युशनचा, एकच कॅमेरा, कडा जाड, शहात्तर हजारात हे काय देतायत वगैरे. पण आत चिप (फोनचा मेंदू) तीच होती, ए१२, जी एक्सएसमध्ये होती. आणि बॅटरी एक्सएसपेक्षा जास्त चालायची. पुढे २०१९ मध्ये जगात सगळ्यात जास्त खपलेला फोन हाच निघाला.

आता सात वर्षांनी बघा काय झालं. आयओएस २६ ने एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स तिघांना एकाच दिवशी घरी बसवलं. ज्याने तेवीस हजार जास्त मोजले त्याला एक दिवससुद्धा जास्त मिळाला नाही. त्याला ओएलईडी (एलसीडीपेक्षा सरस स्क्रीन) आणि २एक्स झूम मिळाला, तो त्याने वापरला असेल तर पैसे वसूल, नसेल तर देणगी.

उलट उदाहरण पण आहे. २०१३ चा ५सी आठवतो का, प्लास्टिकचा, रंगीबेरंगी. तो ५एसचा स्वस्त भाऊ म्हणून आला पण त्यात चिप आदल्या वर्षीची होती, ए६, ३२ बिटवाली, म्हणजे जुन्या पद्धतीची. ५एसमध्ये ए७, ६४ बिट. नंतर आयओएस ११ ने ३२ बिट बंद केलं आणि ५सी १०.३ वरच अडकला, ५एसला मात्र आयओएस १२ पर्यंत अपडेट आलं. म्हणजे तिथे स्वस्ताई खरंच महागात पडली.

म्हणून मी कुठलाही स्वस्त भावंड-फोन बघताना आधी चिप बघतो, बाकी सगळं नंतर. १६ई मध्ये ए१८ आहे, १६ मध्ये पण ए१८. फरक एवढाच की १६ई च्या ग्राफिक्सचे कोर चार आणि १६ चे पाच, जो गेम न खेळणाऱ्याला आयुष्यात कळणार नाही. रॅम दोन्हीत ८ जीबी. त्यामुळे हे दोघंही बहुतेक एकत्रच म्हातारे होतील. पाच-सहा वर्षांची काळजी १६ई घेतला तरी नको, १६ घेतला तरी नको.

ॲपल इंटेलिजन्स (ॲपलचं एआय) दोन्हीकडे आहे पण त्याला मराठी येत नाही, त्यामुळे त्याच्यावर निर्णय टाकू नका.

डोंगरदऱ्या

हिशेबनीसशी सहमत पण चिप म्हणजे सगळं नाही. मी १६ई वापरतोय मार्चपासून, तो बाजारात आला त्याच्या पुढच्याच महिन्यात घेतला. काय कापलंय ते मी सांगतो, रोज हातात असल्यामुळे.

बॅटरी हा याचा खरा दागिना आहे. ॲपलचेच आकडे बघा, व्हिडिओ १६ई वर २६ तास आणि १६ वर २२ तास. त्यांनी मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारी चिप) स्वतःचा टाकलाय, सी१ नावाचा, पहिल्यांदाच, तो कमी खातो आणि आत बॅटरी पण मोठी बसलीय. घाटात रेंज शोधत बसणारा फोन किती गरम होतो ते तुम्हाला माहीत असेल, हा होत नाही.

स्क्रीन ओएलईडीच आहे, एक्सआरवरून आलात तर हरखून जाल. पण तुम्ही उन्हाचं म्हणालात म्हणून सांगतो, १६ चा स्क्रीन बाहेर उन्हात २,००० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) जातो. १६ई चं साधं ब्राइटनेस ८००, आणि १,२०० जे लिहितात ते एचडीआर व्हिडिओसाठी. तुमचा एक्सआर ६२५ चा आहे. म्हणजे आत्तापेक्षा बरं दिसेल, पण भर एप्रिलमध्ये स्लॅबवर उभं राहून पीडीएफमधली बारीक मापं वाचायची असतील तर १६ आणि १६ई मधला फरक डोळ्याला कळतो. मी कुणाचा तरी १६ शेजारी धरून बघितलाय, सावलीत काहीच फरक नाही, उन्हात आहे.

मॅगसेफ नाही. म्हणजे मागे लोहचुंबक नाही. वायरलेस चार्जिंग आहे पण ७.५ वॉटचं, हळू. चुंबकवालं कव्हर मिळतं, त्याने फोन स्टँडला चिकटतो पण चार्जिंगचा वेग तोच राहतो. तुम्ही एक्सआरवर होतात, तुमच्याकडे मॅगसेफ कधी नव्हतंच, त्यामुळे चुकल्यासारखं होणार नाही.

डायनॅमिक आयलंड (नॉचच्या जागी आलेली लहान लांबट काळी पट्टी) नाही, नॉच आहे. दोन दिवसांत विसरायला होतं.

आणि साइटवर बाइकने जात असाल तर कुठलाही घ्या पण हँडलला लावू नका. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बिघडू शकतं असं ॲपलने स्वतः लिहून ठेवलंय. एकाच कानात इअरफोन घालून मॅपचा आवाज ऐकायचा, झालं.

शेवंतीवेणी

सगळ्या दादा लोकांनी चिप, निट्स, मोडेम सगळं सांगितलं, वहिनींच्या नथीचं कुणीच बोललं नाही. 🙂

मी पण दागिन्यांचं करते (ठुशी, तोडे, सगळं इमिटेशन), त्यामुळे हे माझं दुखणं आहे. तुम्हाला हवाय तो मॅक्रो. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो, मोत्याच्या भोकातून गेलेली तार दिसते तसा. आयफोनमध्ये हा फोटो अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या) कॅमेऱ्याने निघतो, मेनने नाही, आणि अल्ट्रावाइडला ऑटोफोकस असेल तरच. १६ई ला अल्ट्रावाइडच नाही त्यामुळे मॅक्रो पण नाही. साध्या १५ ला अल्ट्रावाइड आहे पण ऑटोफोकस नाही, म्हणून त्यातही नाही, त्यामुळे कुणी १५ सुचवला तर त्या वाटेला जाऊ नका. बिगर-प्रोमध्ये मॅक्रो पहिल्यांदा १६ ला आला.

आता १६ई ने नथ निघतच नाही का, तर निघते. मेन कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आहे आणि २एक्स चांगला देतो. फोन जवळ न्यायचा नाही, थोडा लांब धरायचा, २एक्स दाबायचं, खिडकीच्या उजेडात, नथीखाली काळं किंवा गडद हिरवं कापड. पूर्ण नथ एकदम मस्त येते. कॅटलॉगसाठी एवढं पुरतं खरं तर. पण गिऱ्हाईक हल्ली विचारतं की ताई खडा बसवलाय कसा, चाप कसा आहे, मागून दाखवा, तेव्हा जवळून दाखवावं लागतं आणि तिथे मॅक्रो नसला की फोटो मऊ येतो. मोती चकाकतो त्यामुळे आधीच फोकस भरकटतो.

मला विचाराल तर दहा हजार फक्त याच एका गोष्टीसाठी देण्यासारखे आहेत. तुमचा नाही तो फोन, वहिनींच्या धंद्याचा आहे.

सेलची_घार

किमतीचं बोलूया का जरा, सगळे छापील किमतीवर भांडतायत. १६ची किंमत ७९,९०० होती, १७ आल्यावर ॲपलने दहा हजार उतरवले, ठीक. पण सप्टेंबरच्या बिग बिलियन सेलमध्ये फ्लिपकार्टने याच १६ची ५१,९९९ ला जाहिरात केली होती. म्हणजे १६ई च्या छापील किमतीपेक्षा आठ हजार खाली! तेव्हा महाग भाऊच स्वस्त होता. तो भाव आता नाही, पण सांगायचा मुद्दा असा की ५९,९०० आणि ६९,९०० हे आकडे दुकानाच्या पाटीवरचे आहेत, खिशातून जाणारे नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात दोन्हीचा कार्ड डिस्काउंट धरून अंतिम आकडा मागा आणि तो शेजारी शेजारी ठेवा. फरक पाच हजारांवर आला तर विचार कसला करताय.

अजून एक. १६ई २५६ जीबीचा घ्यायला गेलात तर तो ६९,९०० होतो. म्हणजे त्याच पैशात एकतर जास्त जागा किंवा जास्त कॅमेरा. तुमचे फोटो आयक्लाउडवर आहेत म्हणताय, तर जागेसाठी पैसे घालू नका, कॅमेऱ्यासाठी घाला.

नो कॉस्ट ईएमआय घेताना प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी हे दोन खर्च बहुतेक वेळा लागतातच, विचारून घ्या. आणि जीएसटी कमी झाला म्हणून फोन स्वस्त झालेत असं कुणी दुकानदार म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निघा, मोबाइलवर आधीही १८ होता, आत्ताही १८ आहे.

तिखटमीठ

मग १७ का नको? १२० हर्ट्झ, २५६ जीबी, ३,००० निट्स उन्हात. साइटवाल्याला तोच पाहिजे की. १६ ला २५६ मिळवायला गेलं तर फरक कितीसा राहतो?

हिशेबनीस

@तिखटमीठ तुमचं गणित चूक नाहीये, १७ हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चांगला "साधा" आयफोन आहे. पण माणसाचं बजेट साठ आहे, आपण त्याला त्र्याऐंशीला नेतोय. हे जिने असेच बांधलेले असतात, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून वाजवीच वाटते. साठवरून त्र्याऐंशीकडे एकदम बघितलं तर वाटत नाही.

१२० हर्ट्झचं म्हणाल तर एक्सआर ६०, १६ई ६०, १६ पण ६०. ज्याने बघितलाच नाही त्याला चुकत नाही. फक्त दुकानात १७ हातात घेऊन वरखाली स्क्रोल करायचं नाही, एकदा केलं की संपलं.

माळावरचा_मोर

सेकंडहँड १५ प्रो बघितला का कुणी? मॅक्रो आहे, १२० हर्ट्झ आहे, ३एक्स झूम आहे, ८ जीबी रॅम. माझ्या भावाने घेतलाय, खूश आहे.

सेलची_घार

@माळावरचा_मोर चांगला फोन आहे पण भारतात ॲपल स्वतः रिफर्बिश्ड (जुने दुरुस्त केलेले) फोन विकत नाही, त्यामुळे घेणार कुणाकडून हा प्रश्न राहतो. घ्यायचाच असेल तर बिल मागा, सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा, पार्ट बदललेत का तेही तिथेच दिसतं, *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा. चोरीचा निघाला तर बंद पडतो. आणि सहा वर्षं वापरायचा म्हटल्यावर दोन वर्षं आधीच खर्ची पडलेला फोन कशाला?

गोदाकाठचा_गडी

सगळ्यांचे आभार. शेवंतीताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला (चूक झाली बहुधा 😄), आता घरात १६ई चं नाव काढायची सोय राहिली नाही. माझं मन अजून बॅटरीसाठी १६ई कडे ओढतंय, २२ आणि २६ मध्ये चार तास म्हणजे साइटवर बरेच होतात. पण चार्जर गाडीत असतो, मॅक्रो गाडीत ठेवता येत नाही हा तिचा युक्तिवाद आहे आणि मला त्याला उत्तर सुचलेलं नाही.

उद्या दोघं जातोय दुकानात, नथ घेऊन. दोन्ही फोनवर काढून बघतो. मॅक्रो चालू कसा करायचा, काही बटण असतं का?

शेवंतीवेणी

आपोआप होतो, जवळ नेला की. कोपऱ्यात पिवळं फुलासारखं चिन्ह येतं, ते आलं म्हणजे मॅक्रो लागला. चिन्ह दिसत नसेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्यात मॅक्रो कंट्रोल चालू करायला सांगा. आणि दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडाखाली काढू नका, मोती निळसर दिसतो, दाराजवळ या. फोन फार जवळ नेला की त्याचीच सावली नथीवर पडते, तेव्हा एका बाजूने धरा. नथ चापाची नेताय की टोचायची? चापाची न्या, मागची बाजू पण काढून बघा.

गोदाकाठचा_गडी

चापाचीच नेतोय. साखळीने बांधलेले डेमो फोन दारापर्यंत येतील का हा वेगळा प्रश्न, बघू, दुकानदाराला नथ दाखवली तर सोडेल बहुतेक.