वाचनालयाच्या पुस्तकांची यादी कोहात, साइट वर्डप्रेसमध्ये. पण मजकूर कुठल्या फॉन्टात?

वाचनालयाची वेबसाइट कशी करावी, यावर एक सल्ला असा दिला जातो: वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलं की काम झालं, पुस्तकांची यादीही त्यातच एकेक पान करून चढवा. पहिलं अर्धं मान्य. वेळा, वर्गणी, नवी पुस्तकं, व्याख्यानाची सूचना एवढ्याला ते पुरतं, आणि ग्रंथपालाला कोड लिहावं लागत नाही. यादी मात्र त्यात नको. देवघेव, आरक्षण, लेखकानुसार शोध यांसाठी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वेगळं ठेवावं (न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेलं, मुक्त सॉफ्टवेअर आहे) आणि साइटवर त्याच्या शोधपानाचा दुवा द्यावा.

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात खरी गंमत दोन भाषांची. सभासद मराठी वाचणारे, सरकारी कागद कन्नडमध्ये. वर्डप्रेसमध्ये दोन्ही भाषांची पानं जोडायला पॉलीलँगसारखं प्लगिन (वरून बसवायचं जोड-सॉफ्टवेअर) लागतं. द्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आठव्या आवृत्तीपासून ती सोय मुळातच आहे, पण शिकायला ते जड. त्याहून मोठी डोकेदुखी जुन्या मजकुराची. डीटीपीवाल्याने मराठी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात केलेलं, कन्नड जुन्या नुडीत (कन्नड टाइप करायचं सॉफ्टवेअर). तिथे अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे साइटवर चिकटवलं की नुसती इंग्रजी खिचडी दिसते, आणि गूगललाही काही सापडत नाही. युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांच्या सर्वमान्य पद्धतीत) बदलून घ्या, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घोळ होतो. आम्ही आता मजकूर युनिकोडमध्येच मागतो. डीटीपीवाला कुरकुरतो, पण देतो.