कंबर धरली की लगेच एमआरआय: गरज की घाई?

सह्यवारा

कंबर धरली की चौथ्या दिवशी एमआरआय, आणि एमआरआय झाला की "गादी (दोन मणक्यांमधली मऊ चकती) सरकली". हा क्रम इतका अंगवळणी पडलाय की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. माझं मत सांगतो: धोक्याची लक्षणं (ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं अशी) नसतील तर पहिले सहा आठवडे कमरेचा एमआरआय करू नये. आणि केलाच, तर रुग्णाच्या वयात सर्रास काय दिसतं तेही रिपोर्टात लिहावं.

१९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कंबर दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. ५२ टक्के लोकांत किमान एका गादीला फुगवटा, २७ टक्क्यांत गादी एका जागी बाहेर डोकावलेली. सगळ्या गाद्या धड असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दुखणं नसलेले ३,११० लोक होते. गादी झिजल्याच्या खुणा विशीत ३७ टक्के, पन्नाशीत ८०, ऐंशीत ९६. फुगवटा विशीत ३० आणि पन्नाशीत ६० टक्के.

म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या हातात "एल४-एल५ डिफ्यूज डिस्क बल्ज, थेकल सॅकवर दाब" (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला फुगवटा, नसांभोवतीच्या पिशवीवर दाब) असा कागद पडतो, तेव्हा त्याच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या, निम्म्याहून जास्त लोकांच्या कमरेत तसाच फुगवटा असतो. हे त्याला कुणी सांगत नाही. तो घरी येतो तो पाठीचा कणा मोडल्यासारखा. वाकणं बंद, नातवाला उचलणं बंद, आणि मग ऑपरेशनची बोलणी.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. बाहेर आलेली गादी बऱ्याचदा आपोआप विरते, आणि जितकी जास्त बाहेर आलेली तितकी विरण्याची शक्यता जास्त. २०१५ च्याच दुसऱ्या एका आढाव्यात, तुटून सुटा झालेला तुकडा आक्रसण्याचं प्रमाण ९६ टक्के आणि साध्या फुगवट्याचं १३ टक्के होतं. बाहेर पडलेल्या तुकड्याला रक्तपुरवठा मिळतो आणि शरीराच्या पेशी तो खाऊन टाकतात. चित्रात भयंकर दिसणारी गोष्टच बरी होण्याच्या वाटेवर असू शकते.

मिरजेची_मी

आकडे खरे असतील, सल्ला मला पटत नाही. आमच्या घरात काय झालं ते लिहिते.

सासूबाईंची पाठ दुखायला लागली. वय ५८. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, गोळ्या घ्या, शेक घ्या. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. मी एमआरआयचं विचारलं तर, "उगीच खर्च कशाला, त्यात सगळ्यांनाच काहीतरी निघतं." म्हणजे हेच, तुमचं वाक्य. पुढे पाय लटपटायला लागले, जिना उतरताना पायरी कळेना. तेव्हा कुठे एमआरआय झाला. पाठीच्या मधल्या दोन मणक्यांत क्षय, शेजारी पू, आणि त्याचा मज्जारज्जूवर दाब. ऑपरेशन झालं, वर्षभराहून जास्त औषधं चालली. आज त्या चालतात, पण काठी घेऊन.

तुम्ही "धोक्याची लक्षणं नसतील तर" असं म्हणता. ती विचारतं कोण? आईंना संध्याकाळी कणकण यायची, साडीच्या निऱ्या जास्त पडायला लागल्या होत्या इतक्या वाळल्या होत्या. त्यांना वाटलं अशक्तपणा आहे, म्हणून बोलल्या नाहीत. आणि तपासणीच्या त्या दोन-तीन मिनिटांत त्यांना कुणी विचारलंही नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. सहा आठवडे थांबायचे नियम ज्या देशांत झाले तिथे हा आजार औषधालाही सापडत नाही.

फिल्मबॉक्स

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच वाचतो. दोघांचंही बोलणं चित्राच्या आधाराने तपासून बघू.

एमआरआयमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात; त्यातल्या टी-२ चित्रात पाणी पांढरं दिसतं. तरुण गादीचा गाभा पाण्याने भरलेला, म्हणून तो पांढराशुभ्र. वयाबरोबर पाणी कमी होतं, गादी आधी करडी आणि मग काळी दिसते. "ब्लॅक डिस्क" म्हणतात ती हीच. सह्यवारा ज्याबद्दल लिहितात ते हे चित्र, आणि त्यावरून दुखण्याचं कारण ठरवता येत नाही, हे अगदी खरं.

क्षयाचं चित्र वेगळं असतं. तिथे बिघाड हाडात सुरू होतो. टी-१ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात मणका काळवंडतो, चरबीचा उजेड दाबणाऱ्या एसटीआयआर चित्रात तोच झळझळतो. मणक्याची कड कुरतडल्यासारखी दिसते, पू मणक्यांच्या पुढच्या पट्ट्याखालून वरखाली सरकत जातो. आणि गादी मात्र बराच काळ तग धरून असते, कारण गादी पचवणारी विकरं क्षयाच्या जंतूंकडे नसतात. साध्या पू करणाऱ्या जंतूंचा संसर्ग गादी लवकर संपवतो. साध्या एक्स-रेत हे दिसायला हाडातले निदान ३० ते ५० टक्के क्षार जावे लागतात. म्हणून ताई, तुमच्या सासूबाईंचा एक्स-रे "नॉर्मल" आला त्यात नवल नाही. पाठ दुखतेय आणि ताप येतोय, तर नॉर्मल एक्स-रेवर विसंबायचंच नसतं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर "कंबरदुखी" एवढाच शब्द असतो. ताप आहे का, कोणता पाय, बधिरपणा कुठे, काही नाही. मग मी दिसेल ते सगळं लिहितो, कारण काही राहिलं तर माझ्यावर येतं. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. ६३ वर्षांच्या एका बाईंनी तीन आठवड्यांत १० वेगवेगळ्या केंद्रांत कमरेचा एमआरआय केला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष निघाले, आणि दहाही रिपोर्टांत सापडला असा एकही दोष नव्हता. पाठ तीच.

घाटरस्ता

तुम्ही सगळे डॉक्टरच्या बाजूने बोलताय. मी मालाची गाडी चालवतो. कंबर दुखते म्हणून रजा मागितली तर मालक म्हणतो, कागद दाखव. दुखणं कागदावर आल्याशिवाय खरं धरत नाहीत, घरातही. फुगवटा सगळ्यांना असतो असं तुम्ही रिपोर्टात छापलं तर उद्या मालक तीच ओळ माझ्यापुढे धरेल. दुखतंय ते मला दुखतंय, त्याचं काय?

सह्यवारा

@घाटरस्ता, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. वयाच्या मानाने साधं चित्र आणि तीव्र दुखणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. पण म्हणूनच चित्राला पुरावा मानणं तुमच्याच विरोधात जातं. उद्या चित्र स्वच्छ आलं तर मालक म्हणेल सोंग करतोय. रजा डॉक्टरांनी तपासून दिलेल्या दाखल्यावर मिळायला हवी.

चालते_रहा

फिजिओथेरपिस्ट म्हणून एवढंच: "नस दबली आहे, वाकू नका" हे एकदा कानावर पडलं की रुग्णाला हलवणं महाकठीण. गेल्या महिन्यात एक शिक्षिका आल्या. दुखणं कधीच कमी झालं होतं, तरी पट्टा सोडायला तयार नाहीत, बुटाचे बंद नवऱ्याकडून बांधून घेतात. फाइल उघडून प्रत्येक वेळी तीच एक ओळ दाखवतात.

आकडेमोड

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मागणीबद्दल. वयानुसार काय सर्वसाधारण ते रिपोर्टात लिहायचं, हा प्रयोग अमेरिकेत दोन लाखांहून जास्त रुग्णांवर करून झालाय, निष्कर्ष २०२० मध्ये आले. नंतरच्या तपासण्या आणि उपचार काही घटले नाहीत. अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या किंचित कमी झाल्या, बस. ओळ छापून काम होत नाही. एमआरआयला पाठवण्यामागे पैसा असेल तर ओळीने काय होणार? आपल्याकडे २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी (रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याविरोधी) कायद्याचा मसुदा करून घेतला होता. जोर तिथे लावा.

सह्यवारा

ओळीने उपचार घटले नाहीत, मान्य. तरी मी ती मागणार. ज्याच्या पाठीचं चित्र आहे त्याला ते समजून घ्यायचा हक्क आहे, मग आकडे हलोत न हलोत.

@मिरजेची_मी, तुमच्या अनुभवानंतर सहा आठवड्यांची अट मी अशी बदलतो: पहिल्या भेटीतच ताप मोजायचा, वजन विचारायचं, रात्री दुखून जाग येते का ते विचारायचं, पूर्वी क्षय किंवा कर्करोग झालाय का ते विचारायचं, आणि ईएसआर (शरीरात दाह किंवा संसर्ग आहे का ते सुचवणारी रक्ततपासणी) करून घ्यायचा. यात काहीही खटकलं तर एमआरआय त्याच आठवड्यात. लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी. बाकीच्यांनी थांबावं.

फिल्मबॉक्स

याला माझा पाठिंबा. एक भर: क्षयाची शंका असेल तर फक्त कमरेचं चित्र मागू नका. दुसरीकडेही, मध्ये धड मणके सोडून, रोग असू शकतो. संपूर्ण कण्याचं उभ्या छेदातलं एक एसटीआयआर चित्र काही मिनिटांत होतं.

मिरजेची_मी

यादी चांगली आहे. पण ईएसआर फारसा वाढलेला नसतानाही क्षय निघतो, हे आम्हाला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणून माझी अट राहते: गोळ्या घेऊन तीन आठवड्यांत उतार नाही, तर पुन्हा पूर्ण तपासणी, आणि तेव्हा कुणी एमआरआय मागितला तर त्याला खर्चाचं कारण सांगून परत पाठवायचं नाही. सहा आठवडे मी मान्य करणार नाही.